नाकारता येत नाही

काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक बुडबुडा अडकला होता. मोहरीएवढा. वरची पातळ काच बसवताना टेक्निशियनचा हात किंचित हलला असणार. मायक्रोस्कोपखाली मात्र तो काळ्या कडेचा, गोल गरगरीत, भलताच रुबाबदार दिसत होता, सगळ्या काचेचा मालक आपणच असल्यासारखा. तिने काच जराशी डावीकडे सरकवली. बुडबुडा गेला, पेशी आल्या… लांबोडक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना बिलगून एका दिशेने जाता जाता मध्येच वळण घेणाऱ्या. काल संध्याकाळी होत्या तशाच. रात्रीतून सुधारल्या नव्हत्या की बिघडल्या नव्हत्या. पेशींचं हे एक बरं असतं, एकदा काचेवर चढल्या की त्या कुणाच्या दबावाखाली येत नाहीत. तिने डोळा न काढता डावीकडे हात लांबवून चहाचा कप शोधला. कप फॉर्मवर होता आणि फॉर्म, नेहमीप्रमाणे, उलटा ठेवलेला होता.

फॉर्म उलटा ठेवायचा आणि काच आधी बघायची, ही तिची बारा वर्षांची रीत. रुग्ण कोण, वय काय, डॉक्टरांना संशय कशाचा – हे सगळं नंतर. आधी पेशी काय म्हणतात ते ऐकायचं. इस्पितळात यावरून तिची यथेच्छ थट्टा चालायची. नवी पोरं पाठीमागे तिला काचबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. म्हणा बापडे! पण सरकारांनी या वेळी कमालच केली होती. सरकार म्हणजे मोठे सर्जन. ते खोलीत शिरले की खुर्च्याही उठून उभ्या राहतात, म्हणून पडलेलं नाव. हात सोन्याचे, हे तीही मान्य करायची. कान तेवढे देवाने द्यायचे राहून गेले होते. बाई फॉर्म उलटा ठेवतात हे ठाऊक असल्यामुळे सरकारांनी फॉर्मच्या दोन्ही बाजूंना लिहिलं होतं. लाल शाईने. ‘जठराची घातक गाठ. उद्या सकाळी आठ वाजता संपूर्ण जठर काढणार. रिपोर्ट आज पाचच्या आत. केवळ औपचारिकता.’

औपचारिकता! कपाच्या बुडाचा ओला गोल नेमका त्या शब्दावर उमटला होता, आणि तिने तो मुद्दाम पुसला नाही.

एकतीस वर्षं आपण या स्टुलावर बसून औपचारिकता करत होतो तर. पाठीला बाक आला, मान धरली, चष्म्याचा नंबर चार वेळा बदलला. निवृत्तीला आठ महिने राहिले… आणि एवढ्या वर्षांत जठराच्या भिंतीत वाढलेल्या गाठी किती पाहिल्या असतील? दोनशे? त्यातल्या बहुतेक सगळ्या त्या वाईट जातीच्या, आज लहान दिसल्या तरी उद्या यकृतात जाऊन बसणाऱ्या. म्हणून सरकारांचा अंदाज वावगा होता असं कुणी म्हणू शकत नव्हतं. शंभरांत नव्वद वेळा तोच खरा ठरला असता. पण त्या वाईट गाठीची एक साधीभोळी बहीणही असते, नसेच्या वेष्टणातून वाढणारी, दिसायला हुबेहूब तशीच, गुणाने मात्र गरीब गाय. कुठे पसरत नाही, कुणाला मारत नाही, नुसती जागा अडवून बसते. क्वचित अल्सर होऊन रक्त जातं, एवढाच काय तो तिचा उपद्रव. ही दुसरी तिने एकतीस वर्षांत तीनदा पाहिली होती. तिची एक खूण असते. गाठीच्या कडेला संरक्षक पेशींची निळी-जांभळी किनार, साडीच्या काठासारखी. आणि आज, बुडबुड्याच्या डावीकडे, सुईने काढलेल्या त्या चिमूटभर तुकड्याच्या टोकाला, ती किनार होती. अर्धवट, फाटकी. पण होती.

ती म्हणाली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत, “आहे ना मग!”

तेवढ्यात फोन वाजला, आणि पलीकडे सरकारच असणार हे सांगायला कुठल्या ज्योतिषाची गरज नव्हती.

“बाई, झाला का रिपोर्ट?”

“नाही.”

“घोडं अडलंय कुठे?”

“ही गाठ तुम्ही लिहिलीत ती नाही. साधी आहे. गाठीपुरतं कापा, जठर राहू द्या.”

“पहिला रंग चढला नाही म्हणून म्हणता? वाईट गाठींतल्याही शंभरात पाचांना तो चढत नाही, हे तुम्हीच शिकवता ना पोरांना?”

शिकवत होती. हे एक वाईटच. वाईट जातीच्या पेशींना तपकिरी करणारा पहिला रंग काल लावून झाला होता आणि तो चढला नव्हता. पण न चढणं म्हणजे अर्धाच पुरावा. दुसरा रंग, त्या गरीब बहिणीला ओळखणारा, लावला असता म्हणजे सोक्षमोक्ष लागला असता, आणि त्याची बाटली गेल्या आठवड्यात संपली होती. नवी पुढच्या आठवड्यात येणार होती. खरेदी खात्याचा पुढचा आठवडा!

“दुसरा रंग बघितल्याशिवाय मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“परवा मी परदेशी चाललोय, तीन आठवडे. तिच्या पोटातून रक्त जातंय. तीन आठवडे थांबायची जबाबदारी तुम्ही घेता? नाही ना? मग नेहमीचं वाक्य लिहा आणि मोकळ्या व्हा. घातक असण्याची शक्यता नाकारता येत नाही. काय खोटं आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. तीच तर सगळी गोम होती.

“नाही तर मी तुमच्या धाकट्या डॉक्टरकडून सही घेतो,” सरकार म्हणाले. “त्याला फार प्रश्न पडत नाहीत.”

“त्याला सांगा, काच माझ्या खिशात आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग बोलल्यासारखं करावं म्हणून काच खरंच उचलली, कागदात गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात टाकली. हे भीतीने केलं नव्हतं – तिने स्वतःला तपासून पाहिलं – रागाने केलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी एवढा राग आपल्यात शिल्लक आहे याचं तिला बरंच वाटलं.

घातक असण्याची शक्यता नाकारता येत नाही… या वाक्याला आईबाप नसतात. ते कुणी लिहीत नाही, ते आपलं लिहिलं जातं. इस्पितळाच्या संगणकात तर ते रिपोर्टच्या तळाशी आधीच छापून येतं; खोडायला कष्ट पडतात, ठेवायला पडत नाहीत. लिहिणारा सुटतो, कापणारा सुटतो, सगळे हात झटकून घरी जेवायला जातात, आणि ज्याचं पोट असतं तो तेवढा… तो तेवढा वर्षातून एकदा, कागदात गुंडाळलेला पाव घेऊन येतो.

पाव टेबलाच्या खालच्या खणात होता. परवाचा. एरवी ती तो त्याच दिवशी शिपायाला देऊन टाकायची. यंदा शिपाई रजेवर होता आणि पाव खणात राहिला होता, आणि दोन दिवस खण उघडला की भाजलेल्या पिठाचा वास येत होता. पाव आणणारा तो बेकरीवाला बारा वर्षांपूर्वी पंचेचाळीसचा होता. फॉर्म तेव्हा सुलटा असायचा. तिने आधी फॉर्म वाचला, त्यावर याच अक्षरात, याच लाल शाईत ‘घातक’ लिहिलेलं, आणि मग काच पाहिली… आणि काच पाहिलीच नाही, असं म्हणायला हवं; फॉर्मच पाहिला, मायक्रोस्कोपमधून. किनार तिला तेव्हाही दिसली होती. मी ती पाहिली होती. हे मी आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. किनार पाहिली आणि मनात म्हटलं, असेल सूज, आणि ते वाक्य लिहून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी अख्खं जठर बादलीतून तिच्या टेबलावर आलं. तिने गाठ मधोमध कापली. आत पिवळसर, घट्ट, स्वच्छ, आणि सभोवार, पूर्ण गोल, कुठेही न फाटलेली, ती किनार. वाईट काहीही नव्हतं. पोट मात्र बादलीत होतं.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये तिने सगळं खरं लिहिलं. कुणी वाचलं? सरकारांनी वाचलं असेल. रुग्णाला सांगितलं गेलं की गाठ पूर्ण निघाली, आता काळजी नको. आणि तो बेकरीवाला, ज्याला दर दोन तासांनी मूठभरच खाता येतं, दर महिन्याला सुई टोचून घ्यावी लागते, दरवर्षी ऑपरेशनच्या तारखेला पाव घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी येतो आणि म्हणतो, बाई, तुम्ही वेळेवर ओळखलंत म्हणून मी आज उभा आहे, आजचा माझा दुसरा वाढदिवस. ती म्हणते, छान. पुढच्या वर्षी तो विचारतो, पाव कसा होता? ती म्हणते, छान. बारा वर्षं, छान. तिने एकदाही त्या पावाचा तुकडा तोंडात घातला नव्हता.

नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो वह्या तपासत होता. गणिताचा मास्तर, चूक दिसली की लाल गोल करायचा. त्याने मान वर करून विचारलं होतं, “माणूस जगला ना?” ती म्हणाली, “जगला.” “मग झालं तर,” तो म्हणाला आणि पुढच्या वहीकडे वळला. दुसऱ्याच्या वहीतली चूक त्याने कधी अशी सोडली नसती. पण तिला तेव्हा त्या तीन शब्दांचा केवढा आधार वाटला होता! त्याच आधारावर तिने बारा वर्षं काढली, हे आठवून आता अंगावर काटा आला.

“बाई,” दारातून रंगारी म्हणाला. रंगारी म्हणजे तिचा टेक्निशियन. काचांना रंग देण्यात त्याची वीस वर्षं गेली, नखं कायमची जांभळी झाली. “फोनवरचं ऐकू आलं. भिंती पातळ आहेत.”

“मग?”

“संपलेली बाटली मी टाकली नाही. तळाशी असतील दोन-तीन थेंब.”

तिने स्टूल त्याच्याकडे वळवलं. “दोन-तीन थेंबांत एक काच होईल.”

“एकच होईल. आणि सोबतची ओळखीची काच लावल्याशिवाय तुम्ही ती वाचायच्या नाहीत.”

बरोबरच होतं. रंग चढला नाही तर गाठ वेगळी आहे म्हणून चढला नाही, की बाटलीत दम उरला नाही म्हणून, हे कसं कळणार? म्हणून शेजारी नेहमी एक ओळखीचा तुकडा लावतात, ज्याला रंग चढणारच हे ठाऊक असतं. तो तपकिरी झाला की समजायचं, रंग जागा आहे. दोन तुकड्यांना दोन काचा. थेंब एका काचेपुरते.

“दोन्ही तुकडे एकाच काचेवर घे,” ती म्हणाली. “जवळ जवळ. एकाच थेंबाखाली.”

“घेतो. पण ओळखीचा आणायचा कुठून? तशी गाठ आपल्याकडे आहे कुठे?”

ती उठली होती. खालच्या कोठीच्या किल्ल्या खिळ्यावरून काढताना तिला कळलं की आपल्याला त्या जुन्या तुकड्याचा नंबर पाठ आहे. घरच्या फोनचा नंबर विसरायला होतो, भाचीचा वाढदिवस विसरायला होतो. हा सहा आकडी नंबर बारा वर्षं जिभेखाली गोळीसारखा ठेवलेला होता.

तळघरात मेणाचा वास होता. अरुंद खणांच्या रांगा, प्रत्येक खणात अंगठ्याच्या पेराएवढे मेणाचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात कुणाचा तरी एक तुकडा – हजारो माणसं, चिमूटचिमूट. तिने खण ओढला. तो अडला. तिने चप्पल काढून खणाच्या तळाला दोन तडाखे दिले, मग तो आला. ठोकळा जागच्या जागी होता, धुळीने करडा झालेला. एप्रनने पुसल्यावर आतला पांढुरका तुकडा दिसला, आणि त्याच्या कडेची बारीक रेघ. तुला मी इथे पुरून ठेवलं होतं, ती मनात म्हणाली. आता चल वर, काम आहे.

“हा कुणाचा?” रंगाऱ्याने विचारलं.

“ओळखीचा,” ती म्हणाली.

यंत्राच्या पात्याखालून मेणाची पातळ फीत सुटली आणि कोमट पाण्यावर तरंगली. रंगाऱ्याने काच पाण्यात तिरकी घालून एक तुकडा उचलला, मग दुसऱ्या ठोकळ्याची फीत सोडून दुसरा, पहिल्याच्या शेजारी. डावीकडे बेकरीवाला, उजवीकडे… तिने अजून फॉर्मवरचं नाव वाचलं नव्हतं. स्त्री, एकतीस, एवढंच वाचलं होतं. माझ्या नोकरीएवढं वय. काच भट्टीत सुकायला गेली. पुढे तासातासाची धुणी, थेंब, थांबणं. रंगारी म्हणाला, “साडेचार होतील.” साडेअकरा वाजले होते.

वाट बघण्याचं काम तिला कधीच जमलं नाही. दुपारी तिने आल्या-गेल्या अठरा काचा वाचल्या, एका शिकाऊ पोरीला विनाकारण रागावली, मग बोलावून बिस्कीट दिलं. अडीचच्या सुमारास दार न ठोठावता उघडलं, आणि इस्पितळाच्या ढगळ कपड्यांतली, दंडाला सलाइनची सुई चिकटवलेली, चांगली खांद्याने रुंद अशी एक बाई आत डोकावली.

“माझा तुकडा इथेच आहे का?”

“पेशंटना इथे यायला बंदी आहे,” ती म्हणाली.

“पाटी वाचली. बंदी दिसली म्हणून तर वाटलं, हीच खोली.” ती आत येऊन उभी राहिली. “उद्या माझं पोट काढतात. काढायचं तर काढा म्हटलं. पण आधी बघू तरी द्या, आत विनातिकीट कोण बसलंय ते. मी बस चालवते. माझ्या गाडीत कुणी बसलं तर मला कळायला नको?”

एकतीस वर्षांत या खोलीत रुग्ण आला नव्हता. रुग्ण इथे तुकड्या-तुकड्यांनी येतात; अख्खा, चपला वाजवत, कुणी येत नाही. मग तिने खिशातली काच काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि स्टुलावरून उठली.

बसवालीने एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं. “हे गुलाबी-जांभळं, हे माझं? छान आहे की! साडीचा कपडा वाटतोय… आणि हा कोण काळा? हाच का तो?”

“तो नुसता बुडबुडा आहे. हवा.”

“मग त्याला कशाला एवढा रुबाब?”

तिला हसू आलं, दाबलं तरी आलं. तिने काच सरकवून दिली. बसवाली बराच वेळ बघत राहिली, मग डोळा न काढताच, आवाज खाली आणून म्हणाली, “यातलं वाईट कोणतं?”

नियम असा की रुग्णाशी बोलायचं ते सर्जनने. नियम असा की खात्री झाल्याशिवाय काही सांगायचं नाही, आणि खात्री म्हणजे साडेचार. नियमाप्रमाणे म्हणायला हवं होतं, अजून काही सांगता येत नाही. शक्यता… जिभेवर ते वाक्य आलंच होतं, पाळीव कुत्र्यासारखं, हाक न मारता.

“मला तरी अजून कुठलं दिसलेलं नाही,” ती म्हणाली.

बसवालीने डोळा काढला. “मग उद्या काय काढतात?”

“तेच मी सकाळपासून विचारतेय.”

“काढल्यावर थोडं थोडं खाता येतं म्हणे. दर दोन तासांनी. माझी पाळी दहा तासांची असते, बाई. दर दोन तासांनी मी गाडी कुठे उभी करू? मागचे लोक काय माझी आरती करतील? आई म्हणते, एवढे मोठे डॉक्टर सांगतात ते काय उगीच? पण पोट काय आईचं आहे?” बोलता बोलता तिची हनुवटी थरथरली, आणि तिने ती मनगटाने दाबून धरली. “खरं सांगा. मला घाबरायचंय तर नीट घाबरू द्या.”

“पाच वाजेपर्यंत नको घाबरूस. तोवर कशावर सही करू नकोस.”

“सही तर काल घेतली.”

“मग कागद परत माग.”

“देतील?”

“मागून तर बघ. पोट तुझं आहे.”

ती गेल्यावर खोलीत औषधी साबणाचा वास राहिला. हे आपण काय केलं? रंग चढला नाही तर? त्या पोरीला आशा लावून बसलो आपण, तीही कशाच्या जोरावर, तर एका फाटक्या किनारीच्या. सरकार बरोबर असतील तर? ती गाठ खरंच वाईट असेल आणि माझ्या हट्टापायी अर्धी आत राहिली तर? बेकरीवाल्याचं पाप फेडायला निघालीस आणि आणखी एक करून बसलीस! सव्वातीन. पावणेचार. तिने खण उघडला, पावाचा वास घेतला, खण बंद केला. नाही. किनार आहे. मी पाहिली आहे. तेव्हाही पाहिली होती. तेव्हा डोळे चुकले नव्हते, मी डोळ्यांवर विश्वास ठेवायला चुकले होते, आणि ही चूक माणूस एकदाच करू शकतं. दुसऱ्यांदा केली तर तो स्वभाव.

चार चाळीसला रंगाऱ्याने काच आणून ठेवली आणि तो गेला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

तिने आधी डावीकडचा तुकडा लावला. बेकरीवाला तपकिरी झाला होता. पावाच्या खरपूस कडेसारखा, गडद, एकसारखा तपकिरी. बारा वर्षं अंधारात राहूनही पेशीन् पेशी ओरडून सांगत होती, मी तीच, मी साधी, मी काही केलं नव्हतं. काच धूसर झाली, आणि तिला वाटलं भिंगच फिरलं. ते फिरवून फिरवून नीट करायला गेली तेव्हा कळलं की भिंग ठीक आहे. तिने चष्मा पुसला. मग काच सरकवली, दोन तुकड्यांमधली रिकामी, पांढरी जागा ओलांडली – काचेवर ती जागा तांदळाच्या दाण्याएवढी असेल – आणि उजवीकडचा तुकडा आला.

तपकिरी.

“चढला?” रंगाऱ्याने विचारलं.

“चढला रे बाबा!” ती म्हणाली. “ये, बघ.”

संगणकावर तिने नाव वाचलं, मग रिपोर्ट लिहिला. जठराची साधी गाठ, नसेच्या वेष्टणातून आलेली. कर्करोग नाही. गाठीपुरती शस्त्रक्रिया पुरेशी. खाली ते वाक्य छापलेलं होतंच. तिने ते शेवटून एकेक अक्षर करत पुसलं, सावकाश, घाई न करता.

सरकार स्वतः आले, पाचला पाच कमी असताना. स्टूल ओढून बसले, काच पाहिली. त्यांना काचेतलं कळत नव्हतं असं नाही.

“हा डावीकडचा कुणाचा?”

“तुमच्याच पेशंटचा. बारा वर्षांपूर्वीचा बेकरीवाला. आपण दोघांनी मिळून त्याचं पोट काढलं, आठवतं?”

सरकारांनी भिंगाचं चाक उगाच फिरवलं, मागे-पुढे. पहिल्यांदाच तिला त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले. “मजेत आहे तो,” ते म्हणाले. “दरवर्षी मलाही पाव पाठवतो.”

“तुम्ही खाता?”

“न खायला काय झालं?”

सरकार उठले, रिपोर्ट घेतला, दोनदा वाचला. “चुकलात तर, बाई?”

“तर माझ्या नावावर लिहा. नाव खाली टाइप केलंय, सहीही आहे.”

“ठीक. गाठीपुरतं कापतो.” दारापर्यंत गेले, थांबले, आणि सकाळच्या मानाने अगदी वेगळ्या, जवळजवळ घरगुती आवाजात म्हणाले, “त्याला मात्र काही सांगू नका हं. बिचारा सुखात आहे. कशाला उगाच?”

जिंकल्यावर माणसाला कसं वाटतं, ते तिला वाटायला हवं होतं. बसवालीला निरोप गेला होता. वॉर्डातली नर्स सांगत होती, पोरीने आधी कागद परत मागून गोंधळ घातला, आणि निरोप कळल्यावर कॉटवर बसून आईला आणि सगळ्या वॉर्डाला हॉर्न वाजवून दाखवला, तोंडाने. ती हसली. एप्रन काढून खिळ्याला लावला. पण छातीत तो सकाळचा राग तसाच होता, जागचा हललाही नव्हता, आणि त्याला आता सरकार पुरत नव्हते… बिचारा सुखात आहे. माणूस जगला ना. मग झालं तर. कशाला उगाच. सगळी एकाच घरची वाक्यं! आणि सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेलं ‘छान’, ते तर माझंच.

तिने खण उघडून पाव पिशवीत टाकला आणि दिवे बंद केले.

बेकरी बसच्या तीन थांब्यांवर होती. ती चालत गेली. बाहेर अजून उजेड होता, माणसं कामावरून परतत होती, आणि बेकरीवाला काउंटरमागे उंच स्टुलावर बसून सुट्टे पाव कागदात बांधत होता. इतका बारीक की एप्रनची नाडी कमरेला तीन वेढे. तिला बघून तो उठायला गेला.

“बाई! अहो, इकडे कुठे? निरोप पाठवायचा, मी आलो असतो. बसा, बसा. पाव कसा होता यंदाचा?”

“खाल्ला नाही.”

“अजून? परवाचा ना तो, वाळून दगड झाला असेल. थांबा, ताजा देतो.”

“यंदाचाच नाही,” ती म्हणाली. “कधीच खाल्ला नाही. बारा वर्षांत एकदाही नाही.”

त्याचे हात कागदावर थांबले. तो रागावला नाही. नुसता बघत राहिला, आपल्या हातून काय चुकलं ते आठवून बघणाऱ्या माणसासारखा, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. तेवढ्यात काउंटरवरचं घड्याळ किणकिणलं. त्याची दोन तासांची वेळ. त्याने सवयीने डबी उघडली, त्यातून पावाचा दोन बोटांएवढा तुकडा काढला.

“बोला तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “मी खाता खाता ऐकतो.”

वाक्यं तयार होती. त्या काळी तपासण्या एवढ्या नव्हत्या. कुणाचीही चूक झाली असती. खात्रीने काही सांगता येत नव्हतं… मऊ, गुळगुळीत, ओळीने उभी. तिने त्यांना एकेक करून परत पाठवलं. उरलं ते एकच होतं, चार शब्दांचं, तुमची गाठ साधी होती, आणि ते ऐकल्यावर हा माणूस काय करील – रडेल, हाकलून देईल, तिला कोर्टात खेचेल – ते तिला ठाऊक नव्हतं. त्याला हक्क होता. काहीही करायचा.

“आधी खाऊन घ्या,” ती म्हणाली. “मग सांगते. अर्धवट नाही, सगळं सांगते.”

तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसली. तो तेवढासा तुकडा फार वेळ चावत होता, तसंच खावं लागतं त्याला, आणि ती बारा वर्षांत प्रथमच नजर न काढता त्याच्याकडे बघत होती. मग तिने पिशवीतला पाव काढला, दोन्ही हातांनी त्याची कड मोडली आणि तोंडात घातली. दगड झाला होता. जबडा दुखला. ती चावत राहिली.